गालगुंड झालेला मासा

"गुरुजी, मासा बाई हाय का बुवा, हे कसं ओळखायचं?"

पूर्णेच्या शाळेत, आठवीच्या वर्गात, दैवशालानं हा प्रश्न उभं राहून, मोठ्यानं आणि एका दमात विचारला. विचारून झाल्यावर तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण ती खाली बसली नाही. शर्तच तशी होती. मधल्या सुट्टीत छबू आणि मनकर्णा या दोघी मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, "घरी मासे पाळलेत म्हणून लय तोरा मिरवतीस. एवढं विचारून दाखव राधाकिशन गुरुजीला. आन् उत्तर मिळंस्तोर बसायचं न्हाई."

मागच्या वर्षीची दैवशाला असती तर मान खाली घालून वहीवर रेघोट्या ओढत बसली असती. पण यंदा पंधरा ऑगस्टला तिनं स्टेशनासमोर भाषण ठोकलं होतं, एक शब्द न विसरता, आणि टाळ्या पडल्या होत्या. तेव्हापासून तिची भीड जी चेपली ती चेपलीच. आता तिला वाटायचं, जगात विचारू नये असा प्रश्नच नाही.

मुलांच्या बाकांवर मात्र हशा पिकला. कुणीतरी मागून "गुरुजी, लुगडं नेसतो का बघा म्हणावं!" असं ओरडलं.

"खामोश!" राधाकिशन गुरुजी गरजले. ते निजामाच्या काळात हैदराबादेला शिकलेले. प्राणिशास्त्र त्यांनी उर्दूत वाचलं होतं, त्यामुळे गडबडले की त्यांच्या तोंडी आधी उर्दू यायची. त्यांनी खडू या हातातून त्या हातात घेतला, खिडकीबाहेर पाहिलं, मुलींच्या बाकाकडे बिलकुल पाहिलं नाही, आणि म्हणाले, "माशांत मादी मोठी. नर लहान. पोटात अंडी सांभाळायची तर अंग मोठं नको का? झालं? बस खाली."

दैवशाला बसली. शर्त जिंकली होती, आणि वर उत्तरही मिळालं होतं. म्हणजे घरच्या पेटीतली काळी ती मादी आणि करडा तो नर. अगदी तिनं धरलं होतं तसंच.

त्या पेटीची हकीकत अशी. दैवशालाचे वडील चंद्रभान हे स्टेशनात पार्सल क्लार्क. लोको शेडातला एक साहेब ड्रायव्हर बदली होऊन सिकंदराबादला गेला, तेव्हा लोखंडी चौकटीची काचेची एक पेटी त्यानं चंद्रभानांना देऊन टाकली. दोन हात लांब, हातभर उंच. पेटी आली, पण तिच्यात घालायचं काय? वर्षभर त्यात माय कांदे ठेवायची. मग एकदा कोण्या सरकारी तळ्यात सोडायला नव्या जातीचे मासे दुधाच्या कॅनमधून रेल्वेनं निघाले होते. पूर्णेला गाडी बदलताना एक कॅन कलंडला, आणि फलाटावर उड्या मारणारे पाच मासे चंद्रभानांनी पाण्याच्या बादलीत भरून घरी आणले. कांदे बाहेर, मासे आत. तिलापिया म्हणतात या जातीला, असं कॅनसोबतच्या माणसानं सांगितलं होतं. पाचांतले तीन गेले. राहिलेले दोघे भाकरीचा चुरा, गांडुळं, पालकाची पानं, पडेल ते खाऊन वितीपेक्षा मोठे झाले.

दोघांत जमीन-अस्मानाचा फरक होता. एक मोठा, काळाभोर, गळ्याखाली पांढरा आणि परांच्या कडा कुंकवासारख्या लाल. दुसरा त्याच्याहून लहान, राखेच्या रंगाचा, बिनशोभेचा. आता एवढी नटलेली बाईच असणार, यात विचारायचं काय होतं? दैवशालानं तिचं नाव राणी ठेवलं. शिवाय राणी घरकामाला वाघ! दिवसभर तोंडात वाळू घ्यायची, बाजूला नेऊन थुंकायची, पुन्हा यायची. पेटीच्या एका कोपऱ्यात तिनं थाळीएवढा गोल खड्डा केला होता.

"बघा कशी घर सारवायलीय," माय शेजारणींना कौतुकानं दाखवायची. "आन् हे दुसरं बघा. नुसतं ऐतखाऊ."

करड्याला नावसुद्धा नव्हतं. राणी त्याला पेटीभर पिटाळायची, तो कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा. स्टेशनमास्तर आले, मालगाडीचे गार्ड आले, सगळ्यांनी राणीला पाहिलं आणि चंद्रभानांना शाबासकी दिली. पूर्णा जंक्शनात असा मासा दुसऱ्या कुणाकडे नव्हता. चहा पिता पिता ते स्वतःच काचेवर बोट ठेवून म्हणायचे, "काय रुबाब हाय!"

गुरुजींनी वर्गात उत्तर दिलं आणि पोरींच्या अंगात आलं. पोटात अंडी सांभाळायला अंग मोठं, आणि राणी तर दिवसेंदिवस गोल होत चाललेली. छबूनं दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगं, राणीला दिवस गेलेत!"

"मग ओटी भरायला पाह्यजे," मनकर्णा म्हणाली.

नवरात्राच्या दुसऱ्या माळेला त्यांनी राणीची ओटी भरली. पेटीच्या चौकटीला झेंडूची माळ बांधली. हिरव्या बांगड्या दोऱ्यात ओवून काचेवरून सोडल्या. मायचे उपवास चालू होते, तरी तिनंही हौसेनं खणाचा तुकडा आणि मूठभर तांदूळ काढून दिले, वर हळदकुंकवाची बोटं काचेला लावली. दैवशालानं राणीच्या वतीनं नावसुद्धा घेतलं:

"काचेच्या महालात पाण्याचा पलंग,
करडेरावांचं नाव घेते, हलवून सारं अंग!"

पोरी हसून हसून ओसरीवर लोळल्या. मग राणीला जेवण. पुरीचे तुकडे पाण्यात पडताच राणीनं धडाधड उडवले. करड्यासमोर एक तुकडा पडला तर त्यानं तोंड फिरवलं.

"नवरा रुसला बघ," छबू म्हणाली.

"रुसंल न्हाई तर काय. बायकोच्या ओटीत त्याला कोण इचारतंय," माय म्हणाली. "का माझ्यासंगं तो बी बसला नवरात्राला?"

पण माळा चढत गेल्या आणि करड्याचा उपवास काही सुटेना. गांडूळ टाकलं, नको. पालक टाकला, नको. दसरा झाला, मायनं पुरणपोळी खाल्ली, करडा तसाच. अंगानं वाळत चालला आणि तोंड मात्र फुगलं. खालचा जबडा असा तटतटला की दोन्ही बाजूंना गाठी आल्यासारख्या दिसाव्यात. तोंड घट्ट मिटलेलं, आणि मधूनमधून आतल्या आत सुपारी चघळल्यासारखं हलायचं.

मायनं एका नजरेत ओळखलं. "गालगुंड झालंय."

"माशाला गालगुंड?" दैवशाला म्हणाली.

"कामून न्हाई? तुला झालं होतं तवा अशीच दिसत होतीस. खायला येत न्हाई, गिळायला येत न्हाई, गाल फुगलेला. लेप लावता आला असता तर बरं, पण पाण्यात ऱ्हाईल कसा?"

रोगाचं नाव घरात रुजायला वेळ लागला नाही. चंद्रभानांचा दोस्त आश्रुबा इंजिनात पाणी भरायच्या नळावर कामाला होता. संध्याकाळी तो ओसरीवर तंबाखू मळायला यायचा. त्यानं पेटीत वाकून पाहिलं, जीभ टाळूला लावून टॉक केलं आणि म्हणाला, "चंद्रभानराव, हे संसर्गाचं दुखणं. एका पाण्यात ऱ्हातेत दोघं. तुमच्या राणीला लागलं तर? त्यात ती दोन जिवांची."

"मग काय करावं म्हणता?"

"काय करायचंय? माझ्याकडं द्या. डोकं टाकून देतो, बाकीच्याचं कालवण करतो. गालगुंड गालात असतंय, शेपटीत न्हाई."

"काका!" दैवशाला ओरडली.

"पोरी, तुझ्या डोळ्यापुढं न्हाई करत. रविवारी नेतो."

चंद्रभानांनी पेटीकडे पाहिलं. त्यांना राणीची फिकर होती. स्टेशनमास्तरांचे पाहुणे नांदेडहून येणार होते आणि त्यांना मासा दाखवायचं कबूल झालं होतं. ते म्हणाले, "रविवारी न्या."

दैवशालाला करडा कधी आवडला होता असं नाही. पण आता तो रविवारी कालवणात जाणार म्हटल्यावर ती पुन्हा पुन्हा त्याच्याकडे पाहू लागली. मार खातो, उपाशी राहतो, आणि तक्रार नाही. तिनं वडिलांना एकदा म्हणून पाहिलं, "अण्णा, त्याला बादलीत वेगळं ठेवू या ना." चंद्रभान म्हणाले, "आश्रुबाला शब्द दिलाय." मायकडे गेली तर माय म्हणाली, "घरात उपाशी जीव मेलेला बरा न्हाई दिसत. जाऊ दे." म्हणजे जे काय करायचं ते रविवारच्या आधी, आणि तिचं तिनंच.

शनिवारी सकाळची शाळा. दैवशाला दुपारी घरी आली, भाकरी खाल्ली आणि पेटीसमोर मांडी घालून बसली. माय आत दळण निवडत होती. ओसरीवर ऊन आलं होतं, त्यामुळे पेटीचा तळ न् तळ दिसत होता. राणी आपल्या खड्ड्यावर पहारा देत होती. करडा दुसऱ्या टोकाला, शेवाळाच्या आड.

आणि करड्यानं तोंड उघडलं.

आतून धुरासारखं काहीतरी बाहेर आलं. दैवशाला काचेला नाक लावून पाहू लागली. धूर नव्हता. शेवईच्या बारक्या तुकड्यांसारखे जीव होते, प्रत्येकाला दोन काळे डोळे. करड्याच्या तोंडाभोवती त्यांचा ढग तरंगत होता. तिनं नकळत काचेवर बोट टेकवलं, टक् झालं, आणि तो अख्खा ढग सर्रकन करड्याच्या तोंडात गेला. तोंड मिटलं. जबडा पुन्हा फुगला.

राणीची पिल्लं! हा राणीची पिल्लं गिळायलाय! म्हणून उपाशी, म्हणून गाल फुगलेले! रुसलेला नवरा नव्हता तो, चोर होता चोर! तिनं खुंटीवरची जाळी ओढली, बाही वर केली आणि हात पाण्यात घालणार, तेवढ्यात करड्यानं पुन्हा तोंड उघडलं.

पिल्लं पुन्हा बाहेर आली. सगळी. जिवंत, वळवळती, एकही खाल्लेलं नाही. जाळी हवेतच राहिली. गिळायचं असतं तर गिळून मोकळा झाला असता. इतके दिवस तोंडात धरून उपाशी कोण राहील?

एक पिल्लू वाट चुकून मधल्या दगडापर्यंत गेलं. राणी खड्ड्यावरून सुटली, तोंड उघडलं, पिल्लू गायब. त्याच क्षणी तो वाळलेला, मार खाणारा करडा राणीच्या अंगावर असा तुटून पडला की पाणी ओसरीवर उडालं. दुप्पट मोठी राणी चक्क मागे सरली. करडा परत फिरला, पिल्लांपुढं तोंड उघडून उभा राहिला, आणि पोरं घरात शिरावीत तशी ती आत शिरली.

दैवशालानं जाळी खुंटीला अडकवली, पायात चपला सरकवल्या आणि "माय, आले गं," म्हणत पळत सुटली.

राधाकिशन गुरुजी दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. ते झोपेतून उठून बाहेर आले तो ही दारात, धापा टाकत.

"गुरुजी, चुकलंय तुमचं."

"काय चुकलं?"

"मोठी ती मादी म्हणलात. आमची लहानी मादी हाय. तोंडात पिल्लं ठेवतीय ती! चला ना, उद्या तिचं कालवण करायलेत!"

गुरुजींनी टोपी घातली, टेबलाच्या खणातून भिंग घेतलं आणि निघाले. घरी पोचल्यावर मायनं पदर डोक्यावर ओढला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि दाराच्या चौकटीत उभी राहिली. गुरुजी पेटीसमोर उकिडवे बसले. करडीनं त्यांना फार ताटकळत ठेवलं नाही. तोंड उघडलं, ढग बाहेर आला.

"या खुदा," गुरुजी म्हणाले. मग भानावर येऊन, "वाचलं होतं मी. पाहिलं आज."

"पण पक्कं कसं करायचं, गुरुजी? तोंडात पिल्लं नर पण धरत असंल एखाद्या वेळेस. अण्णा इचारतील. नुसतं मी म्हणते म्हणून न्हाई चालायचं."

गुरुजींनी भिंग पुसलं. एकदा चौकटीकडे, मायकडे पाहिलं. "एक रीत आहे. मासा उलटा धरून पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे पाहायचं. नराला दोन छिद्रं असतात, मादीला तीन. अंडी सोडायला वेगळं. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. पण वर्गात ती पोरं, तुम्ही मुली... जीभ रेटली नाही. म्हणून कशाचं काहीतरी सांगून मोकळा झालो."

"बरं," दैवशाला म्हणाली. तिला आता दुसरंच सुचत होतं. "करडीला धरायचं न्हाई, ती पिल्लं सांडंल. राणीला धरू."

"हात आधी ओले कर. कोरडा हात लागला की खवल्यांवरचा बुळबुळीत थर निघतो, मासा आजारी पडतो."

तिनं हात ओले केले, अण्णांचा पंचा भिजवला. राणी जाळीत यायला तयार होईना. पेटीभर पाठलाग झाला, झेंडूची वाळकी माळ पाण्यात पडली, शेवटी एकदाची ती जाळीत आली. ओल्या पंचात गुंडाळून दैवशालानं तिला उलटी केली. काळं अंग हातात फडफडत होतं, चांगलं जड होतं. गुरुजींनी भिंग धरलं, पण मान बाजूला केली. "तूच बघ आणि तूच मोज."

दैवशालानं डोळा बारीक केला. "एक... दोन. आन् हे दुसरं टोकदार हाय, बारक्या काट्यासारखं." पुन्हा पाहिलं. "दोनच गुरुजी. तिसरं न्हाईच."

"नर."

चौकटीतून मायचा आवाज आला, "अगं बाई! म्हंजे आपण ओटी ह्या बाप्याची भरली?" आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून ती हसायला लागली. गुरुजींनाही हसू आवरेना. दैवशाला एकटी हसली नाही, कारण पंचातला बाप्या आता निसटायच्या बेतात होता, आणि त्याला परत पेटीत सोडायचा तर करडीची पिल्लं होती.

"याला आत टाकलं तर सगळी खाईल," ती म्हणाली.

"खाईल. दुसरीकडे ठेवायला हवा. पण पाणी भरपूर लागेल, घागरीत नाही जगायचा."

तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि पंचासकट मागच्या दारी पळाली. धप्प असा आवाज आला.

गुरुजी गेले आणि थोड्या वेळानं चंद्रभान आले. सोबत आश्रुबा. त्याच्या हातात झाकणाचं पातेलं होतं.

"रविवारचं सकाळी ड्युटी लागली," आश्रुबा म्हणाला. "म्हणलं आजच न्यावा. वहिनी, जरा लसूण असंल तर द्या, आमच्या घरी संपलाय."

चंद्रभान पेटीजवळ गेले, वाकले, आणि ताठ झाले. "राणी कुठाय?"

"सांगते," दैवशाला म्हणाली. ती पेटी आणि आश्रुबाच्या मधे जाऊन उभी राहिली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते, परकराला शेवाळ लागलं होतं. "अण्णा, आधी इथं बसा. काका, तुमी पण. आवाज करू नका, फक्त बघा."

चंद्रभान बसले. आश्रुबा पातेलं मांडीवर घेऊन बसला. करडीनं आता निवांत तोंड उघडलं, पेटी सगळी तिचीच होती. शेवईचे तुकडे पाण्यात पांगले. आश्रुबानं तंबाखू मळायची थांबवली. चंद्रभानांनी सवयीनं काचेवर बोट टेकवलं, आणि पिल्लं आत गेली.

"आयला," आश्रुबा हळूच म्हणाला. "हे गालगुंड?"

"हे गालगुंड," मायनं मागून सांगितलं.

"पण राणी?" चंद्रभान पुन्हा म्हणाले. "मंगळवारी नांदेडचे पाहुणे यायलेत. मी त्यांना काय दाखवू? ही राखुंडी?"

"राणी बाप्या हाय," दैवशाला म्हणाली. "गुरुजींसमोर मोजून बघितलं. पिल्लू खाल्लं त्यानं माझ्या डोळ्यादेखत."

"पोरी, मी शब्द दिलाय आश्रुबाला."

"मला नगं बाबा," आश्रुबा पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाला. "लेकुरवाळी खाऊन कुठं फेडू?"

चंद्रभानांनी पेटीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मग बायकोकडे. मायनं खांदे उडवले. तिला अजून हसू येत होतं.

पंधरा ऑगस्टला स्टेशनासमोर उभी होती तशी दैवशाला ताठ उभी राहिली.

"माय, अण्णा, मी ठरवलंय ते ऐका," ती म्हणाली. "करडी कुठंच जाणार न्हाई. पिल्लं मोठी होईस्तोर पेटी तिची. मंगळवारी पाहुण्यांना मीच दाखवीन, आन् नर कोणता, मादी कोणती, दोन आन् तीनचं सगळं मीच सांगीन, तुमी लाजू नका. काळ्याला मी न्हाणीतल्या हौदात सोडलंय. तवा उद्यापासून आपल्या सगळ्यांची आंघोळ आडावर."